देणगी शिखराला बांधू नका

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी मिळून एखादा डोंगर चढायचा आणि त्या निमित्ताने चांगल्या कामासाठी निधी उभा करायचा, अशा मोहिमांच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. बातमीत शिखरावरचा फोटो असतो, जमलेल्या रकमेचा आकडा असतो, वरिष्ठांचे दोन शब्द असतात. मोहिमेआधीच्या काही महिन्यांबद्दल सहसा एक ओळही नसते. मी सध्या त्याच महिन्यांत आहे. डायलिसिसचा खर्च न झेपणाऱ्या रुग्णांसाठी आमच्या कार्यालयातला एक गट डोंगरात जाणार आहे आणि त्याच्या तयारीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी लेखा विभागात काम करते आणि तरुणपणापासून डोंगरात जाते. त्यामुळे पावतीपुस्तक आणि चालण्याचा सराव, दोन्ही माझ्याच टेबलावर आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती जवळचा संबंध आहे हे मला या तयारीत फार स्पष्ट दिसले, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, देणगीची अट शिखराशी कधीही जोडू नये.

आमच्याकडे हा प्रश्न कागदावरच उभा राहिला. देणगीदारांसाठी एक संकल्पपत्र तयार करायचे होते. पहिल्या मसुद्यात एका उत्साही सहकाऱ्याने ओळ घातली होती: ‘गट शिखरावर पोहोचल्यास मी अमुक रक्कम देईन.’ दुसऱ्या एकाच्या मामांनी तर शिखर गाठले तर दुप्पट देतो असे कबूल केले होते. हेतू सगळ्यांचाच चांगला. चढणाऱ्याला हुरूप यावा, देणाऱ्याला चुरस वाटावी, एवढेच त्यामागे होते. पण मी ती ओळ वाचली आणि डोळ्यांसमोर आमच्याच गटातली एक मुलगी आली. भिडस्त आहे, दुखले-खुपले तरी सांगत नाही. शेवटच्या मुक्कामावर तिचे डोके ठणकते आहे, मळमळते आहे, आणि तिच्या मनात एकच हिशेब चालू आहे: मी मागे फिरले तर त्या रुग्णांचे पैसे बुडतील. अशा वेळी ती तोंड उघडेल का? मला वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही उघडले नसते.

डोंगरात माघारी फिरण्याचा निर्णय मुळातच अवघड असतो. तो घ्यावा लागतो तेव्हा शरीर थकलेले असते, थंडी असते, झोप अपुरी झालेली असते आणि उंचीमुळे विचार मंदावलेला असतो. त्यावर आजारी माणसाच्या औषधपाण्याचे ओझे ठेवले, तर तो निर्णय होतच नाही. माणसे लक्षणे लपवतात. सोबतीही ‘थोडेच राहिले आहे’ म्हणत त्यांना पुढे ढकलतात. हे सारे चांगुलपणातून घडते आणि म्हणूनच ते ओळखणे कठीण जाते.

ज्यांच्यामुळे आमच्या मनात हे काम आले ते सहकारी आवक-जावक विभागात आहेत. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला जावे लागते, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. आमच्यापैकी कुणीतरी त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “डोंगर झाला नाही तरी मला मंगळवारी जायचंच आहे. पैसे त्या मंगळवारसाठी मागा.” बैठकीत यानंतर फार चर्चा झाली नाही. आता आमच्या संकल्पपत्रावर असे छापले आहे: ‘ही देणगी रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. गट शिखरापर्यंत जावो वा वाटेतून परत येवो, ठरलेली पूर्ण रक्कम दिली जाईल.’ त्या मामांनाही सहकाऱ्याने हे समजावून सांगितले. त्यांनी दुप्पट रक्कमच लिहून पाठवली, विनाअट.

चुरस हवीच असेल तर ती सरावाशी जोडावी. महिनाभरात गटाने मिळून किती अंतर चालले, किती मजले उतरले, याची नोंद आम्ही देणगीदारांना कळवतो. त्यातून त्यांना आपण सोबत चालल्यासारखे वाटते आणि कुणालाही धोक्यात घालावे लागत नाही.

निधीबद्दल आणखी थोडे लिहिते, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी. अशा मोहिमांमध्ये अनेकदा जमलेल्या पैशांतूनच चढणाऱ्यांचा प्रवास, तंबू, वाटाडे, टी-शर्ट यांचा खर्च भागवला जातो. देणाऱ्याला वाटते आपला पैसा रुग्णाला गेला, आणि त्यातला बराच भाग कुणाच्या तरी सहलीत गेलेला असतो. आम्ही पहिल्याच दिवशी दोन वेगळे हिशेब उघडले. मोहिमेचा खर्च जाणाऱ्यांनी आपापल्या खिशातून करायचा, देणगीतला एक पैसाही त्याला लावायचा नाही. ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही अशांसाठी गटातल्याच काहींनी वेगळी तजवीज केली आणि कोणाला किती मदत झाली हे दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. देणगी थेट उपचार देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जाते, पावतीही तिचीच मिळते. आम्ही मध्ये फक्त नोंदी ठेवतो. त्या नोंदी आवक-जावकमधले सहकारीच सांभाळतात. गटातले त्यांचे काम चढणाऱ्यांइतकेच मोलाचे आहे.

सूचनाफलकावर नावापुढे आकडा लावण्याची पद्धत आम्ही ठेवली नाही. कार्यालयात साहेब एक रक्कम लिहितात, मग त्यांच्या हाताखालच्यांना ‘एवढे तरी’ लिहावे लागते आणि महिनाअखेरीस शिपायापर्यंत सगळ्यांच्या घरखर्चाला त्याची झळ पोहोचते. वरिष्ठांनी हाताखालच्या माणसाकडे देणगी मागूच नये असे मला मनापासून वाटते. बंद पाकीट, बंद पेटी, आणि न देणाऱ्याला कुणी का म्हणून विचारणार नाही ही खात्री, एवढे पुरते.

आणि निधी उभारण्याआधी ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना विचारावे. सर एडमंड हिलरी यांनी १९५३ मध्ये तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. पुढे त्यांनी शेर्पांसाठी काहीतरी करायचे ठरवले तेव्हा शेर्पांनी त्यांच्याकडे मुलांसाठी शाळा मागितली. १९६० मध्ये त्यांनी हिमालयन ट्रस्ट स्थापन केला आणि १९६१ मध्ये नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पा गावात शाळा उभी राहिली. लोकांनी जे मागितले तेच त्यांना मिळाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आम्हीही आधी डायलिसिसच्या यंत्रासाठी निधी गोळा करणार होतो. केंद्रातल्या परिचारिकेने सांगितले की यंत्रे आहेत, पण रुग्ण येण्याजाण्याच्या खर्चापायी डायलिसिसची ठरलेली वेळ चुकवतात. म्हणून निधीचा मोठा वाटा आता प्रवासखर्चासाठी आहे.

आता पायांकडे येते. आमच्या गटात विशीतली मुले आहेत, तशीच निवृत्तीला आलेली माणसेही आहेत. पहिल्या सरावाच्या दिवशी तरुण मंडळी भराभर पुढे गेली, वळणावर बसून राहिली आणि शेवटची बाई धापा टाकत पोहोचताच सगळे उठून निघाले. जो पुढे असतो त्याला विश्रांती मिळते आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्याला एक क्षणही मिळत नाही. डोंगरात जाणाऱ्या बहुतेक नवख्या गटांत हे घडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या बाईंनी मला हळूच विचारले, “ताई, मी मागे राहिले तर तुम्ही थांबाल ना?” त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती दुसऱ्या क्रमांकावर, तिच्या पुढे वेग सांभाळणारा एक जाणता माणूस, आणि सर्वांत शेवटी दुसरा अनुभवी माणूस, ज्याच्या मागे कुणीही राहायचे नाही. थांबा घेतला की शेवटचा माणूस पोहोचल्यावर विश्रांतीचा वेळ मोजायला सुरुवात. वेग किती असावा याचे मापही सोपे आहे. चढावर चालताना सलग एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर सगळ्यांनी वेग कमी करायचा.

निधीसाठी चालण्याच्या ज्या जुन्या मोहिमा आहेत त्यांत ‘ऑक्सफॅम ट्रेलवॉकर’ची मला नेहमी आठवण होते. १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या प्रशिक्षणातून तिची सुरुवात झाली, नंतर ती सामान्य लोकांसाठी खुली झाली. १०० किलोमीटरची डोंगरवाट, ४८ तासांची मुदत, आणि चौघांचा संघ. एकट्याने नाव देता येत नाही, ही त्यातली खरी गोम. चौघांनी एकत्र चालायचे असेल तर सर्वांत वेगवान माणसाचा वेग काही कामाचा नसतो. सराव सगळ्यांना मिळूनच करावा लागतो.

वेळेच्या अंदाजासाठी मी गटाला नेस्मिथचा नियम शिकवला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात तो असा सांगतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर चालून ९०० मीटर चढायचे असेल तर दोन तास अधिक दीड तास, एकूण साडेतीन तास. हा अंदाज सराईत आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा. पाठीवर सॅक, मिश्र वयाचा गट, थांबे, पायाखाली घसारा असे सगळे धरले की मी त्यात निम्म्याने भर घालते. त्या साडेतीन तासांचे सव्वापाच होतात. कागदावर हे आधी मांडले तर सकाळी किती वाजता निघायचे आणि कितव्या तासाला मागे फिरायचे हे घरी बसून, थंड डोक्याने ठरवता येते. मागे फिरण्याची वेळ आधी ठरलेली असावी आणि ती सगळ्यांना ठाऊक असावी. शिखर समोर दिसत असले तरी ती वेळ झाली की वळायचे.

सरावात लोक चढण्यावर भर देतात. जिने चढतात आणि लिफ्टने खाली येतात. आमच्या इमारतीत आम्ही याच्या उलटही करतो, लिफ्टने वर जातो आणि जिन्याने उतरतो. चढताना दम लागतो हे खरे, पण पायांची वाट लागते ती उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजन अडवून धरत असतो. या कामाची सवय नसेल तर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणे लगेच जाणवत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. एका दिवसाच्या चालीत हे घरी आल्यावर निभावते. अनेक दिवसांच्या मोहिमेत मात्र त्याच दुखऱ्या पायांवर पुढचा चढ उभा असतो. समाधानाची गोष्ट अशी की, उताराचा थोडासा सराव झाला तरी पुढचे काही आठवडे स्नायूंना त्याचे संरक्षण मिळते. म्हणून उताराचा सराव जाण्याच्या आदल्या दिवशी करू नये आणि फार आधी करून सोडूनही देऊ नये. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना मी दोन काठ्या घ्यायला लावल्या आहेत. उतरताना गुडघ्यावर येणारा भार त्यांनी खरोखर कमी होतो. आधी काहींना त्या घ्यायला लाज वाटत होती. साहेबांनी घेतल्या तशी ती गेली.

बुटांबद्दल मी जरा हट्टी आहे. नवे बूट घालून मोहिमेला येणाऱ्याला मी नेणार नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरातही ते तसेच सुजतात. जे मोजे चढताना घालणार तेच घालून बघावेत. उतारावर बोटे पुढे आपटतात, म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच मात्र हलता कामा नये. नखे सरळ आणि आखूड कापलेली असावीत. टाचेला किंवा बोटाला चटका बसतोय असे वाटले की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी वेदना लपवते, चालणे सुधारत नाही. त्यासाठी गटाला थांबवायला कुणीही संकोचू नये, म्हणून सरावात मी मुद्दाम स्वतः थांबते आणि सगळ्यांसमोर बूट काढते.

सॅक आम्ही पाण्याच्या बाटल्यांनी भरून सराव केला. एक लिटर म्हणजे एक किलो, वजन वाढवणे सोपे. सुरुवातीच्या दिवसांत वर पोहोचल्यावर पाणी झाडांना घालून टाकायचो, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर ताण कमी. पुढे भरलेल्या बाटल्यांसह उतरलो. कपड्यांबाबत एकच सांगते, अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने भिजला की तो वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे ऐकल्यावर गरम कपड्यांवरून कुणी वाद घातला नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या द्यायच्या, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सहा, हा आल्प्समध्ये रूढ असलेला संकेत आम्ही सगळ्यांना शिकवला आहे. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे असते.

आमच्या वाटेचा सर्वांत वरचा मुक्काम ३००० मीटरच्या वर आहे, आणि या पत्रातला सर्वांत कळकळीचा भाग याच्याशी निगडित आहे. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सात दशांश असतो. एव्हरेस्टच्या तळछावणीच्या आसपास, म्हणजे ५३०० मीटरच्या पुढे, तो जवळपास निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण त्याला वेळ लागतो. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असे पर्वतीय वैद्यकातले जाणकार सांगतात. पोहोचल्यावर काही तासांनी डोके दुखू लागले, सोबत मळमळ, गरगरणे किंवा विलक्षण थकवा आला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचेच मानायचे आणि आणखी वर जायचे नाही. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येईनासे झाले किंवा बसल्याजागी धाप लागली, तर ती मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची खूण असू शकते. तिथे सकाळची वाट पाहायची नसते. ताबडतोब खाली उतरवायचे.

यात एक गोष्ट तरुणांना पटवायला मला फार वेळ लागला. कमावलेले शरीर उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. रोज पळणारा, व्यायामशाळेत जाणारा मुलगाही आजारी पडू शकतो. उलट तो भराभर वर जातो म्हणून त्याचा धोका वाढतो. उंचीच्या आजारावरच्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. आमच्यातल्या प्रत्येकाने आधी तपासणी करून घेतली. दोघांना डॉक्टरांनी जाऊ नका असे सांगितले. त्या दोघांनी तळावरचा संपर्क सांभाळायची जबाबदारी घेतली आहे. रोज संध्याकाळी गट कुठे आहे हे त्यांना कळले पाहिजे आणि ठरलेल्या वेळेत कळले नाही तर कुणाला फोन करायचा याची यादी त्यांच्याकडे आहे.

आजारी माणूस कधीच एकटा खाली पाठवायचा नाही. त्याच्यासोबत एक जाणता माणूस उतरतो, आणि मग वर राहिलेल्यांसोबतही एक जाणता माणूस उरायला हवा. म्हणून वाटाडे निदान दोन. किती जण जाणार हे किती वाटाडे आहेत यावर ठरावे, किती देणगीदार मिळाले यावर नाही. मागे फिरायचे की नाही यावर मतदान घ्यायचे नाही. ज्याला ‘मला नको’ वाटले त्याने तेवढेच म्हणायचे, कारण द्यायची सक्ती नाही. आणि डोंगरात वाटाड्याचा शब्द शेवटचा. कार्यालयात कुणाचे पद काय आहे याचा तिथे संबंध नाही. आमच्या साहेबांनी हे स्वतः सगळ्यांसमोर मान्य केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवणे अत्यावश्यक आहे. हवामान बिघडले, कुणाला उंची मानवली नाही, तर तो दिवस कामी येतो. आणि नियोजनात पहिली काट नेमकी त्याच दिवसावर बसते, कारण त्यासाठी खर्च वाढतो आणि रजा जास्त लागते. अशा मोहिमांना पाठिंबा देणाऱ्या सर्व वरिष्ठांना माझी विनंती आहे की तुम्ही देणगी थोडी कमी दिलीत तरी चालेल, पण त्या एका दिवसाची रजा मंजूर करा.

ओझे वाहणाऱ्या माणसांबद्दल लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. रुग्णांसाठी आपण डोंगर चढायचा आणि आपले तंबू ज्याच्या पाठीवर आहेत त्याच्या पायात धड बूट नसावेत, त्याच्या अंगावर थंडीचे कपडे नसावेत, हे मला पाहवत नाही. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर भारवाहकाने २० किलोंपेक्षा जास्त ओझे वाहू नये असा नियम आहे. आम्हीही मोहीम ठरवताना व्यवस्था करणाऱ्यांना स्पष्ट विचारले: माणशी ओझे किती, ते कोण तोलणार, रात्री ही माणसे झोपणार कुठे, त्यांचा विमा आहे का, त्यांच्यापैकी कुणी आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार. उंचीचा आजार त्यांनाही होतो. एकाने उत्तर देताना टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही दुसऱ्याकडे गेलो. खर्च वाढला तो आम्ही वाटून घेतला.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणे आहे. अशा मोहिमांच्या बातम्या आपण जरूर छापा, त्यातून पुष्कळांना हुरूप येतो आणि कामांना पैसा मिळतो. मात्र बातमी घेताना आपल्या वार्ताहरांनी गटाला चार प्रश्न विचारावेत. जमलेल्या पैशांपैकी किती पैसा प्रत्यक्ष कामाला गेला? देणगी शिखरावर अवलंबून होती का? ओझे वाहणाऱ्यांची काय व्यवस्था केली होती? आणि वाटेतून कोण परत फिरले? परत फिरलेल्यांची, त्यांची हरकत नसेल तर, नावे आणि छायाचित्रेही शिखरावर पोहोचलेल्यांच्या शेजारी, त्याच आकारात छापावीत. आमचा गट परत आल्यावर या चारही प्रश्नांची उत्तरे मी आपल्याला हिशेबाच्या प्रतीसह लिहून पाठवीन.

आपली नम्र,
लेखा विभागातील एक कर्मचारी
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)